वाद पाठ होतात, भांडण हरवतं

माझ्या भाचीची कलाइतिहासाची वही गेल्या महिन्यात हाती आली. फ्रेंच चित्रकलेसाठी तिनं पानभर तक्ता आखलाय. चार रकाने: वाद, काळ, वैशिष्ट्यं, चित्रकार. नवअभिजाततावादापुढे 'रेखीव आकार, शौर्याचे विषय'. स्वच्छंदतावादापुढे 'भावनांना महत्त्व'. वास्तववादापुढे 'सामान्य माणसाचं जीवन'. दृक्प्रत्ययवादापुढे, म्हणजे इंप्रेशनिझमपुढे, 'प्रकाशाचा क्षणिक ठसा'. त्याखाली रंगभारवाद (फोव्हिझम) आणि घनवाद, एकेका ओळीत उरकलेले. अक्षर मोत्यासारखं, समासात लाल शाईची बरोबरची खूण. हा तक्ता मी काही चित्रकार मित्रांना आणि शिक्षकांना दाखवला आणि संध्याकाळभर वाद झाला. एका बाजूचं म्हणणं असं, की क्रम पाठ झाल्याशिवाय विद्यार्थ्याला काहीच कळणार नाही, आधी सांगाडा हवा. दुसरी बाजू म्हणाली, फाडून टाका तो तक्ता, मुलांना चित्रासमोर उभं करा आणि बघू द्या. हा वाद मी बरीच वर्षं ऐकत आलोय, आणि दोन्ही बाजू तो चुकीच्या जागी उभं राहून घालतात असं माझं ठाम मत झालंय. दोघंही एक गोष्ट धरून चालतात, की वाद म्हणजे शैलीचं नाव. मला ते मान्य नाही. मराठीनं 'इझम'साठी जो शब्द निवडला त्याचा एक अर्थ सिद्धान्त आणि दुसरा अर्थ भांडण, आणि फ्रेंच चित्रकलेच्या बाबतीत हा दुसरा अर्थच जास्त खरा आहे. क्रम जरूर ठेवा, पण तो भांडणांचा क्रम म्हणून शिकवा. कोण कुणाशी भांडत होतं, कशावरून, आणि कुठल्या भिंतीसाठी.

आधी या नावांकडेच बघा. ती ठेवली कुणी? १८५५ साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनाच्या परीक्षकांनी गुस्ताव्ह कुर्बेची दोन प्रचंड चित्रं नाकारली. त्यानं जवळच स्वतःचा मंडप उभारला, त्याला 'वास्तववाद' असं नाव दिलं आणि सोबतच्या पत्रकात सुरुवातीलाच लिहिलं, की वास्तववादी ही पदवी माझ्यावर लादली गेली आहे, जशी १८३०च्या लोकांवर स्वच्छंदतावादी ही पदवी लादली गेली होती. तक्त्यातल्या दोन रकान्यांवरची हरकत त्या रकान्यात बसवलेल्या माणसानंच अशी नोंदवून ठेवली आहे. सालों म्हणजे पॅरिसमधलं मोठं वार्षिक प्रदर्शन. १९०५च्या शरद सालोंमध्ये मातीस आणि त्याच्या मित्रांची भडक रंगांची चित्रं बघून लुई व्होसेल या समीक्षकानं त्यांना 'फोव्ह', म्हणजे 'हिंस्र श्वापदं', म्हटलं. तीन वर्षांनी ब्राकच्या चित्रांतल्या घरांना त्यानंच 'घन' म्हणून हिणवलं. रंगभारवाद आणि घनवाद ही दोन्ही नावं अशी एकाच माणसाच्या नापसंतीतून रुळली. उत्तर-दृक्प्रत्ययवादाची गोष्ट तर आणखी विलक्षण. ते नाव १९१० साली लंडनमध्ये रॉजर फ्राय या समीक्षकानं एका प्रदर्शनासाठी ठेवलं. तोवर व्हॅन गॉग, सरा, गोगँ आणि सेझान हे चौघंही वारले होते. आपण कुठल्या वादाचे, हे त्यांना कधी कळलंच नाही.

सगळ्यात गाजलेलं बारसं १८७४चं. १५ एप्रिलला, म्हणजे सरकारी सालों उघडण्याच्या दोन आठवडे आधी, छायाचित्रकार नादारच्या बुलव्हार दे कापुसिनवरच्या जुन्या स्टुडिओत तीसेक कलावंतांनी दीडशेहून अधिक कामं मांडली. त्यांनी स्वतःच्या मंडळाला दिलेलं नाव एखाद्या पतपेढीला शोभेल असं कोरडं होतं: चित्रकार, शिल्पकार, मुद्राचित्रकार यांची भागीदारी संस्था. सरकारी परीक्षकांच्या मेहेरबानीवर जगायचं नाही, एवढाच त्यांचा एकमुखी ठराव. लुई लरुआनं 'ल शारिव्हारी' या विनोदी पत्रात त्या प्रदर्शनाची टर उडवली. मोनेच्या सूर्योदयाच्या चित्रापेक्षा भिंतीला लावायचा अर्धवट कागदसुद्धा जास्त पुरा वाटतो, असं त्यानं एका पात्राच्या तोंडी घातलं आणि चित्राच्या नावातला 'इंप्रेशन' हा शब्द उचलून सगळ्यांवर फेकला. तीन वर्षांनी त्यांनी तेच नाव प्रदर्शनाला घेतलं. त्यांच्यातल्याच देगाला ते कधीच पटलं नाही. उन्हात, उघड्यावर चित्र काढणं त्याला मुळात नापसंत, तो स्टुडिओत बसून आठवणीतून आणि रेखाटनांवरून नर्तकी रंगवायचा. आपल्याकडे गायकीत घराणं असतं, त्यात तालीम असते, गुरूकडून शिष्याकडे येणारा गळा असतो. मोने आणि देगा यांच्यात तसं काय समान होतं? तक्रार समान होती. ज्या माने या चित्रकाराला सगळे या मंडळींचा पुढारी मानत, त्यानं तर त्यांच्या आठ प्रदर्शनांपैकी एकातही भाग घेतला नाही. त्याला सालोंच्या भिंतीवरच जिंकायचं होतं. 'प्रकाशाचा क्षणिक ठसा' या तीन शब्दांत या माणसांमधलं काय उतरतं?

तरीही तक्ता आखणाऱ्यांची बाजू मला हलकी वाटत नाही. त्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा असा, की आधीचं माहीत नसेल तर नंतरचं दिसतच नाही. हे शंभर टक्के खरं आहे. कुर्बेचं 'ऑर्नांमधील दफन' घ्या. तीन मीटरहून उंच, साडेसहा मीटरहून रुंद कॅनव्हास. एका लहान गावातली चाळीसहून जास्त माणसं जवळपास खऱ्या मापात रांगेनं उभी, पुढे उघडा खड्डा, पाद्री, रुमालानं डोळे टिपणाऱ्या बायका, आणि भलतीकडेच बघणारा एक कुत्रा. आजचं पोरगं हे चित्र मोबाइलवर बघतं आणि विचारतं, यात भडकण्यासारखं काय होतं? १८५०-५१च्या सालोंमध्ये लोक भडकले ते त्याच्या मापावर. १६४८ साली स्थापन झालेल्या राजेशाही अकादमीनं विषयांची उतरंड लावून दिली होती: सर्वांत वर इतिहास, पुराणकथा आणि धर्म, मग व्यक्तिचित्र, मग रोजच्या जीवनातले प्रसंग, मग निसर्ग, आणि तळाला फळं-भांडी. भिंतभर कॅनव्हासचा मान वरच्या पायरीचा. नवअभिजाततावादी दाव्हीदचं 'होराशी बंधूंची शपथ', रोमन शूरांचं ते गाजलेलं चित्र, सव्वाचार मीटर रुंद आहे. कुर्बेनं त्याहून दोन मीटर जास्त जागा कुणाला दिली, तर गावातल्या कुणाच्या तरी मयताला जमलेल्या सोयऱ्याधायऱ्यांना. सामान्य माणसं काय, डच चित्रकारांनी दोनशे वर्षं आधीच रंगवली होती, पण छोट्या पाटीवर. म्हणून 'सामान्य माणसाचं जीवन' हे उत्तर वहीत बरोबर असलं तरी चित्रासमोर अपुरं पडतं. कुर्बेचं भांडण मानाच्या जागेचं होतं. ते समजायला दाव्हीद माहीत हवा, अकादमी माहीत हवी. क्रमाची बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं मी इथे पूर्ण कबूल करतो.

पण तक्ता ज्या प्रकारे हा क्रम सांगतो, त्यात एक खोटं शिरतं. एक रकाना संपतो, रेघ मारली जाते, दुसरा सुरू होतो, जणू एक वाद मेला आणि त्याच्या जागी दुसरा आला. १९०५ साल बघा. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये बूगरो वारला. गुळगुळीत अप्सरा रंगवणारा, अकादमीचा लाडका, आयुष्यभर मानमरातब आणि पैसा मिळवलेला चित्रकार. दोनच महिन्यांनी त्याच पॅरिसमध्ये 'श्वापदं' भिंतीवर लागली. तक्त्याप्रमाणे या दोघांच्या मध्ये तीन रकाने आहेत. प्रत्यक्षात एकच उन्हाळा होता. रेषेचा कट्टर पुरस्कर्ता आंग्र १८६७च्या जानेवारीपर्यंत जिवंत होता, तेव्हा मोने सव्वीस वर्षांचा होता. आणि तोच मोने १९२६पर्यंत जिव्हर्नीच्या तळ्याकाठी कमळं रंगवत राहिला. तोवर घनवाद येऊन जुना झाला होता आणि अतिवास्तववादाचा जाहीरनामाही निघून दोन वर्षं झाली होती. मग दृक्प्रत्ययवादाच्या रकान्यात १८८६ हे शेवटचं साल लिहायचं, आणि कमळांच्या त्या अजस्र पट्ट्यांचं काय करायचं? रकान्यात न मावणारी माणसं तर विचारूच नका. अठराव्या शतकाच्या मध्यात, लाडीगोडीच्या गुलाबी चित्रांच्या ऐन बहरात, शार्दँ तांब्याचं भांडं, पाण्याचा पेला आणि लसणाच्या कुड्या रंगवत होता. उतरंडीत सगळ्यात तळाचा विषय, आणि तरी ते रंग बघून शंभर-दीडशे वर्षांनंतरच्या चित्रकारांनी श्वास रोखला. बेर्त मोरिसोनं दृक्प्रत्ययवाद्यांच्या आठपैकी सात प्रदर्शनांत भाग घेतला, माझ्या भाचीच्या तक्त्यात तिचं नावच नाही. पाळणा, अंगण, आरशापुढची बाई हेच तिचे विषय का, हा प्रश्नही मग पडत नाही. चांगल्या घरातली बाई एकटी कॅफेत बसू शकत नव्हती, आणि सरकारी कलाशाळेचं दार बायकांना १८९७पर्यंत बंद होतं.

आता 'नुसतं बघा' म्हणणाऱ्यांकडे येतो. त्यांच्या म्हणण्यातही मोठं तथ्य आहे. नाव कळलं की डोळे बघायचं थांबवतात, हे मी स्वतःवरून सांगतो. मोनेचा तो सूर्योदय, जेमतेम दोन फूट रुंद, मी कित्येक वेळा पुस्तकात बघितला होता आणि दर वेळी 'हां, दृक्प्रत्ययवाद' म्हणून पान उलटलं होतं. मग एकदा भाचीबरोबर बसून ते चित्र मोबाइलवर काढलं आणि त्यातले रंग काढून टाकले. ल हाव्र बंदराच्या निळ्या-करड्या धुक्यात लुकलुकणारा तो केशरी सूर्य जवळजवळ गायब झाला! होड्या राहिल्या, डोलकाठ्या राहिल्या, मागची धुराडी पुसट दिसत राहिली, सूर्य मात्र भोवतीच्या आकाशात विरघळला. मोनेनं त्याला आकाशाहून उजळ केलेलंच नाही. उजेड सारखाच ठेवून फक्त रंग बदललाय, आणि त्यामुळेच रंगीत चित्रात तो थरथरतो, स्थिर राहत नाही. भाचीनं चार-पाच वेळा रंग काढले, पुन्हा भरले. 'अगं, पण हा तर चमकतोय,' ती स्वतःशीच म्हणत होती. तिच्या वहीतल्या कुठल्याच ओळीनं तिला हे दाखवलं नसतं. आणि शिवाय हे चित्र उघड्यावर काढलेलंही नाही, हॉटेलच्या खिडकीतून काढलंय.

मग नुसतं बघणं पुरे का? नाही, कारण कोरा डोळा कुणाकडेच नसतो. १८६३ साली हजारो चित्रं नाकारली गेल्यावर इतकी ओरड झाली, की सम्राट तिसऱ्या नेपोलियननं नाकारलेल्यांसाठी वेगळं प्रदर्शन भरवायला लावलं. मानेचं 'गवतावरचं जेवण' तिथे लागलं. त्याच वर्षी मुख्य सालोंमध्ये काबानेलची 'व्हीनसचा जन्म' होती. लाटेवर पहुडलेली, हात कपाळावर, डोळे अर्धे मिटलेले, वर शंख फुंकणारी बाळं. सम्राटानं ती विकत घेतली. मानेनं त्याच वर्षी 'ऑलिम्पिया' रंगवली आणि १८६५ला सालोंमध्ये दिली. तीही पहुडलेलीच. पण गळ्यात काळी फीत, एका पायात सपाता, मांडीवर घट्ट टेकवलेला हात, शेजारी कुणीतरी पाठवलेला फुलांचा गुच्छ धरून उभी असलेली कृष्णवर्णीय दासी, पायाशी शेपटी ताठ केलेलं काळं मांजर, आणि नजर थेट तुमच्यावर. चित्राला लोकांपासून वाचवायला ते शेवटी उंच, हात न पोचेल असं टांगावं लागलं. दोन्ही बायका विवस्त्र. एकीला सम्राटाचा महाल, दुसरीला शिव्या. का? निव्वळ डोळ्यांना याचं अर्धंच उत्तर सापडेल: एकीच्या अंगावर मऊ छटा आहेत, दुसरीवर समोरून दिवा मारावा तसा सपाट उजेड. उरलेलं अर्धं उत्तर डोळ्यांबाहेर आहे. पुराणातल्या देवीचं नाव दिलं की नग्नता चालते, हा त्या भिंतीचा अलिखित करार होता आणि मानेनं तो मोडला. तोही कसा, तर तीनशे वर्षं मागे जाऊन, फ्लोरेन्समध्ये स्वतः नक्कल केलेल्या, तित्सियानो या इटालियन चित्रकाराच्या व्हीनसची मांडणी उचलून. पुढे जायला तो मागे गेला. पायऱ्यांचा तक्ता ही चाल दाखवूच शकत नाही, आणि नुसतं बघणाऱ्यालाही ती दिसत नाही.

रंगाच्या नळ्या, रेल्वे, दलाल या गोष्टी काढल्या की काही मंडळी नाराज होतात. कलेचा बाजार करू नका म्हणतात. त्यांच्या मनातली भीती मला समजते. पण १८४१ साली जॉन रँड या अमेरिकन चित्रकारानं कथलाची नळी काढण्याआधी तयार रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवायचे. टाचणीनं भोक पाडायचं, रंग पिळायचा, भोक बुजवायचं. अशा पिशव्या घेऊन दिवसभर नदीकाठी बसणं सोपं नव्हतं. सें लाझार स्टेशनवरून पॅरिसजवळच्या आर्जंतईला जाणारी गाडी नसती तर मोनेचे सीनकाठचे रविवार नसते. म्हणून काही नळीनं चित्र काढलं असं होत नाही. नळ्या पॅरिसमधल्या प्रत्येकाला मिळत होत्या, बूगरोलाही. प्रश्न एवढाच, की हातात आलेली नवी सोय कुणी कुठल्या भांडणात वापरली. त्रूव्हिलच्या किनाऱ्यावर १८७०मध्ये मोनेनं काढलेल्या एका चित्राच्या रंगात आजही वाळूचे कण अडकलेले आहेत. तो तिथे वाऱ्यात बसला होता, याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

त्या संध्याकाळी आणखी एक प्रश्न आला, जरा चिडून: परक्या देशातली ही भांडणं आपण का शिकायची? प्रश्न रास्त आहे आणि त्याला 'जागतिक कला' असं गुळमुळीत उत्तर देऊ नये. उत्तर मुंबईतच आहे. जेजे स्कूल १८५७ साली सुरू झालं. त्याच वर्षी पॅरिसच्या सालोंमध्ये चित्रकार मिलेच्या, कापणीनंतर शेतात पडलेला सरवा वेचणाऱ्या तीन बायका लागल्या होत्या आणि लोकांना त्यांत बंडाचा वास येत होता. मुंबईत मात्र अकादमीचं वळण इंग्रजांमार्फत आलं ते 'पाश्चात्य चित्रकला म्हणजे हीच' असं पक्कं होऊन. भांडण तिकडेच राहिलं, निकाल तेवढा बोटीतून उतरला. आपल्याला पायऱ्यांचा तक्ता इतका सहज पटतो, याचं मूळ मला इथे दिसतं. पुढे जेजेत शिकलेल्या सय्यद हैदर रझांना १९४८ साली काश्मीरमध्ये छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ भेटले. तुमच्या चित्रांत बांधणी नाही, सेझान बघा, असं त्यांनी सांगितलं. रझा फ्रेंच शिकले, शिष्यवृत्ती मिळवली आणि १९५०ला पॅरिस गाठलं. त्यांना हवं होतं ते एका अडचणीचं उत्तर: रंग आहे, पण चित्र उभं राहत नाही. सेझानचीही अडचण तीच होती. दृक्प्रत्ययवाद्यांच्या थरथरत्या उजेडात डोंगर डोंगरासारखा घट्ट कसा बसवायचा? प्रोव्हान्समधला तोच डोंगर तो पुन्हा पुन्हा त्याचसाठी रंगवत राहिला. परकं काय नि आपलं काय, हे अशा ठिकाणी ठरवता येत नाही.

आणि हे भांडण फ्रेंचांचंही अजून मिटलेलं नाही. १९८६च्या डिसेंबरमध्ये जुन्या रेल्वे स्टेशनात ऑर्से संग्रहालय उघडलं, तेव्हा तिथे मोने-मानेच्या सोबत अकादमीवाल्यांनाही मानाची जागा दिली. मोठा गहजब झाला. हरलेल्यांना परत का आणलं, असं कित्येकांना वाटलं. माझ्या मते संग्रहालयानं बरोबर केलं. आज एकाच इमारतीत काबानेलची व्हीनस आणि मानेची ऑलिम्पिया दोन्ही बघता येतात, आणि नुसत्या जिंकलेल्यांचं दालन बघून जे कधीच कळलं नसतं ते कळतं. तिथे कुणी जिंकणारच होतं असं नव्हतं. १८९४ला दृक्प्रत्ययवाद्यांचा चित्रकार मित्र कायबोत वारला आणि त्यानं जमवलेली मित्रांची चित्रं सरकारला ठेवून गेला. सरकारनं कां-कू करत काही घेतली, उरलेली नाकारली. नाकारलेल्यांत सेझानचीही काही चित्रं होती.

म्हणून माझी शिक्षकांना विनंती आहे, तक्ता फाडू नका. त्यातला 'वैशिष्ट्यं' हा रकाना खोडा आणि तिथे 'कशावरून भांडण' असं लिहा. परीक्षेत 'दृक्प्रत्ययवादाची पाच वैशिष्ट्ये लिहा' विचारण्याऐवजी १८६३ची ती दोन चित्रं शेजारी छापा आणि विचारा, सम्राटानं कुठलं घेतलं असेल, आणि का. उत्तरं तपासायला जड जातील, एका तासात वर्ग आवरणार नाही, दाव्हीदपासून घनवादापर्यंतचं सगळं एका सत्रात उरकणार नाही. मग निम्मंच शिकवा. १८९९ साली मातीसनं, हातात पैसा नसताना, व्होलार नावाच्या दलालाकडून सेझानचं एक लहान चित्र घेतलं, तीन स्नान करणाऱ्या बायकांचं. १९३६ला पॅरिस शहराला ते देऊन टाकताना त्यानं सोबत पत्र लिहिलं. सदतीस वर्षं हे चित्र माझ्याजवळ आहे, मला ते बऱ्यापैकी कळलंय, पण पुरतं कळलं नसावं अशी आशा आहे, असं त्या पत्रात आहे. भाचीच्या वहीत सेझानच्या नावापुढे तीन शब्द आहेत: आकाराला महत्त्व दिले. पुढच्या रविवारी आम्ही दोघं त्या तीन बायका घेऊन बसणार आहोत, आधी रंगांसकट आणि मग रंग काढून.